घासलेली फांदी

"अजून घास. फोटोत घाण दिसते," फाब्रिसिओ खालून म्हणाला आणि शिडीवरचा माझा नवरा एवेलियो तारेच्या घासणीनं फांदीवरचं शेवाळ खरवडू लागला.

मी लॉजच्या स्वयंपाकघरातून बघत होते. बावीस वर्षं हा माणूस त्या फांदीवर पाखरांसाठी केळी टांगतोय. सातरंगी पक्षी आधी शेवाळातले किडे टिपतो, केळ्याकडे मग वळतो, हे त्यानंच मला शिकवलेलं. तरी खरवडत होता. तोंडातून शब्द नाही.

थांबा, चुकलं. एक शब्द निघाला होता. "फाब्रिसिओसाहेब, शेवाळ..." एवढाच. फाब्रिसिओ म्हणजे मालकाचा पुतण्या. काली शहरातून आलेला, कोंबडी आणि सातरंगी यांतला फरक न कळणारा. इथे पाखरांची शिकवणी नको, म्हणाला. एवेलियो हसला. त्याचं ते लाचार हसणं मला बघवत नाही.

चार दिवस सातरंगी नाही.

पाचव्या सकाळी सहा परदेशी. तोफांएवढे कॅमेरे, जंगलाहून हिरवे कपडे, आणि समोर साबणासारखी गुळगुळीत फांदी. फाब्रिसिओनं हवामानाला दोष दिला. त्यांतल्या एका म्हातारीनं मोडक्या भाषेत एवेलियोला विचारलं.

"शेवाळ गेलं म्हणून तो गेला," एवेलियो म्हणाला. "यांनी सांगितलं, मी खरवडलं."

नाश्ता संपायच्या आत त्याला काढलं. मी एप्रन खुंटीला लावला आणि त्याच्या मागे निघाले.

उतारावर मी तोंड सोडलं. बावीस वर्षं शेपूट घातलीस, आणखी एक सकाळ जड झाली? आता खायचं काय, तुझा खरेपणा?

तो थांबला. रस्त्यावर वाकलेल्या झाडात पाखरांचा थवा होता, आणि त्यात तो: पिवळा गळा, निळी छाती, हिरवी पाठ. हाताच्या अंतरावर.

मागून जीप आली. पाहुण्यांना दुसरीकडे न्यायचं चाललं होतं. फाब्रिसिओनं काच खाली केली. आवाज एकदम मऊ.

"एवेलियो, दिसला का रे कुठे? दाखव, मग बघू तुझ्या नोकरीचं."

मी एवेलियोला कोपर मारलं. एक बोट वर करायचं होतं, बस्स.

"नाही," तो म्हणाला. "धुकं फार आहे."

जीप वळणाआड जाईपर्यंत तो खाली, चिखलाकडेच बघत राहिला. त्याच्या डोक्यावरच्या फांदीत सातरंगी एकेक पान उलटून बघत होता.