लोळता की उंच

"साहेब, लोळवा," बिरूने तिसऱ्यांदा सांगितलं आणि गोल्फची सात नंबरची काठी पुढे केली.

व्यंकटरावांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी पिशवीतून ती चकचकीत, रुंद पात्याची काठी ओढून काढली. दिवाळीत जावयाने आणून दिल्यापासून या काठीने बिरूचं डोकं उठवलं होतं.

"अरे, चेंडू उंच जाऊन अलगद बसला पाहिजे. परवा मोबाइलवर दाखवलं ना तुला?"

"मोबाइलमदी गवत होतं, साहेब. हितं माळ हाय."

"तू गप्प उभा राहा बरं."

बिरू गप्प उभा राहिला. चेंडू उंच गेला, खरंच देखणा गेला. नांदेडहून आलेल्या पाहुण्यांनी "वा!" म्हटलं. मग तो टणक मातीवर आदळला, टुणकन उडाला आणि भोकाभोवतीचं ग्रीन ओलांडून बाभळीत शिरला. तिसरं होल गेलं. काटे टोचून घेत चेंडू शोधायला अर्थातच बिरू गेला. ऐकावं जनाचं आणि करावं मनाचं हे ठीक. पण साहेबांनी जनाचं ऐकलं तरी कधी होतं?

येलदरीच्या धरणाजवळच्या माळावर व्यंकटरावांसारख्या इंजिनिअर लोकांनी हौसेने नऊ होलचं गोल्फचं मैदान केलं होतं. ग्रीन म्हणायचं, पण त्यात हिरवं काही नाही. वाळूत तेल कालवून केलेली तपकिरी, गोल जागा आणि मध्ये भोक. तिथवर चेंडू कसाही येतो. खरी परीक्षा शेवटच्या वीस-पंचवीस पावलांची. एक तर चेंडू जरासाच उचलून पुढे जमिनीवरून पळू द्यायचा, नाही तर उंच उडवून अलगद खाली पाडायचा. लोळता की उंच, एवढाच प्रश्न. या प्रश्नावर बिरू आणि व्यंकटराव बावीस वर्षं भांडत होते.

बिरू इथे आला तो मेंढरं घेऊन. मैदानात मेंढरं घुसवली म्हणून व्यंकटराव काठी घेऊन अंगावर धावले होते. आठवडाभराने त्यांच्याच लक्षात आलं की मेंढरं गवत बरोबर कापतात आणि खुरांनी माळ दाबून पक्का करतात. मग सकाळी बिरूची मेंढरं चरायची आणि संध्याकाळी बिरू साहेबांची पिशवी वाहायचा. हा माळ त्याच्या पायाखालचा होता. चप्पल काढून चार पावलं चालला की चेंडू कुठे पळेल आणि कुठे अडेल ते तो सांगायचा. कुणी विचारत नसे, तरी सांगायचा. घरी पोरगा भागवत म्हणायचा, "आबा, तुमी लय बोलता." बायको अंबाबाई तेवढंही म्हणत नसे, ती उठून कामाला लागायची.

आज मात्र बिरूला राहवत नव्हतं. नांदेडच्या क्लबाबरोबरचा हा वर्षाचा सामना व्यंकटराव एकोणीस वेळा खेळले आणि एकोणीस वेळा हरले. आता शहात्तराव्या वर्षी मुलगी त्यांना उद्या पुण्याला कायमची घेऊन जाणार होती. विसावी खेप, आणि शेवटची. एकदा, फक्त एकदा हा म्हातारा जिंकावा असं बिरूला मनापासून वाटत होतं. आणि खोटं कशाला बोला, तो आपल्या शब्दावर जिंकावा असंही वाटत होतं.

त्यात आणखी एक कटकट होती. पाहुण्यांसमोर शोभा नको म्हणून क्लबाचे सचिव सिताराम यांनी पिशव्या वाहणाऱ्या सगळ्यांना पांढरे कॅनव्हासचे बूट वाटले होते. बिरूचे बूट एक नंबर लहान होते.

"काढू का हे, साहेब? बोटं चेंबायलीत."

"एक दिवस माणसासारखा राहा की!" सिताराम खेकसले.

पाचव्या होलला साहेबांनी पुन्हा उंच मारला आणि पुन्हा बाभळीत घातला. सहाव्याला काठी निसटून चेंडू जमिनीलगत सुसाट गेला आणि नेमका भोकाजवळ थांबला. "असंच मारायचं होतं मला," असं म्हणायलाही साहेब चुकले नाहीत. बिरूने कपाळाला हात लावला. पण समोरून खेळणाऱ्या नांदेडच्या डॉक्टरांचाही दिवस वाईट होता. सातवं त्यांनी हातचं घालवलं. आठव्यानंतर दोघे बरोबरीत आले.

नववं होल पाहुण्यांसाठी घातलेल्या मांडवासमोर होतं. चहा-पोहे घेत पाहुणेमंडळी खुर्च्यांवर बसून बघत होती. डॉक्टरांचा चेंडू ग्रीनवर पोचला होता, भोकापासून बराच लांब. व्यंकटरावांचा अलीकडे पंचवीस पावलांवर. इथून भोकाशी नेऊन ठेवला की सामना त्यांचा.

व्यंकटराव पिशवीपाशी आले. त्यांनी नव्या काठीला हात लावला, तो मागे घेतला, आणि बिरूकडे पाहिलं.

"बोल. तू म्हणशील ते."

बिरूला आधी वाटलं, साहेब चेष्टा करताहेत.

"मी म्हनंल ते?"

"हो रे बाबा. लवकर बोल."

बावीस वर्षांत हे कधी घडलं नव्हतं. बिरूची छाती भरून आली. नेहमीसारखा तो चार पावलं पुढे चालून गेला. पांढरे बूट पांढरेच राहिले, माळ रोजच्यासारखा तपकिरी दिसत होता. तो परत आला आणि ठामपणे म्हणाला, "लोळवा. डोळे झाकून लोळवा."

व्यंकटरावांनी सात नंबरची काठी घेतली. फटका इतका सुरेख बसला की बिरूच्या तोंडून "अस्सं!" निघून गेलं. चेंडू जरासा उचलला, खाली टेकला, पळू लागला. ग्रीनच्या अलीकडे सहा-सात पावलांवर त्याचा वेग एकदम मेला. दोन गिरक्या घेतल्या आणि तो तिथेच रुतून बसला.

बिरू धावत गेला. गुडघ्यावर बसून त्याने मातीला हात लावला. वरून सुकलेली, खाली गचगचीत ओली. मांडवात धूळ उडू नये म्हणून पहाटे कुणीतरी ग्रीनच्या पुढ्यात टँकर रिता केला होता. बिरूची चार पावलं तिथवर पोचलीच नव्हती. पण पायात बूट नसते तर झिरपत आलेली ओल तळव्यांना अलीकडेच कळली असती. आणि कळली असती तर तो स्वतः म्हणाला असता, साहेब, आज उंच उडवा.

सामना गेला. डॉक्टरांनी कप उचलला, फोटो निघाले. डॉक्टर हसत म्हणाले, "व्यंकटराव, शेवटी नवी काठी का नाही घेतलीत? उंच मारला असता तर तुमचाच होता."

"चुकलं माझं," व्यंकटराव म्हणाले.

बिरूच्या अंगाचा तिळपापड झाला. तो पिशवी टाकून पुढे आला. "साहेबांचं न्हाई चुकलं. मी सांगितलं लोळवा म्हनून. ओल मला कळली न्हाई. माझी चूक हाय."

सगळे हसले. "इमानदार आहे हो तुमचा माणूस," डॉक्टर म्हणाले. "मालकाची चूक अंगावर घेतो."

"अवो, खरंच मी..."

"बिरू, जा, चहा घे जा," सिताराम म्हणाले.

व्यंकटराव शांतपणे म्हणाले, "काठी माझ्या हातात होती, बिरू."

काय म्हणावं या लोकांना! बरोबर बोललो तेव्हा कुणी ऐकलं नाही, आणि चुकलो तर ती चूकही माझ्या नावावर लावायला तयार नाहीत. बिरूने बूट काढून हातात घेतले आणि चहा न घेता घर गाठलं.

अंबाबाई भाकरी थापत होती. त्याने सगळं सांगितलं. तिने तव्यावरची भाकरी उलटली.

"अवो, येवढे मोठे साहेब तुमचं कशाला ऐकतील? उगं काहीबाही मनाला लावून घेऊ नका. जेवा."

"अगं, ऐकलं म्हनूनच तर हरले!"

"बरं, बरं. जेवा."

बिरू जेवला नाही. कुशीवर पडून त्याने डोळे मिटून घेतले.

सकाळी तो साहेबांच्या वसाहतीत गेला, तेव्हा गाडी भरून तयार होती. मुलगी पुढे बसली होती. बिरूने गोल्फची पिशवी उचलून डिकीत नीट आडवी ठेवली. कालबद्दल बोलावं तर पुन्हा तेच उत्तर मिळणार.

व्यंकटराव मागे बसले आणि त्यांनी काच खाली केली.

"बिरू, हिच्या घराजवळ एक मैदान आहे म्हणे. तिथे ग्रीनजवळ आलो की काय करू? लोळता की उंच?"

बावीस वर्षांचं उत्तर बिरूच्या ओठांवर आलं. कालच्यानंतरही साहेब विचारत होते, आणि तेही थट्टेने नाही. त्यांचे डोळे तसे दिसत नव्हते. त्याने तो शब्द गिळला.

"कसं सांगू, साहेब? ती जमीन मी बघितल्याली न्हाई."



"बरोबर आहे तुझं," व्यंकटराव म्हणाले, आणि त्यांनी काच वर घेतली.