राजाबाईच्या नावाचा होकार

चार रविवार कोरडे गेले होते, पोरीचा फोन नाही. राजाबाईचं डोकं असं भडकलं होतं की शेरडंसुद्धा तिच्यापासून चार हात लांब चरत होती. पोटची पोर, बावधनला लोकांच्या घरी पोळ्या लाटते, लाटू दे बापडी. पण आईला फोन घेऊन दिला तो काय नुसता कमरेला मिरवायला? दर रविवारी दुपारी उज्वलाचा फोन यायचा आणि त्यासाठी राजाबाई शेरडं हाकत माळाच्या टेकाडावर जाऊन बसायची, कारण कोळवणच्या त्या अंगाला रेंज तेवढी तिथंच मिळायची. फोन लावायचं तिला काही जमत नव्हतं. हिरवं बटण दाबून उचलायचं, एवढीच तिची विद्या.

मंगळवारी तिनं शेरडं शेजारच्या गोजराबाईच्या गळ्यात घातली आणि एसटी धरली. पोरीला काय काय सुनवायचं ते वाटभर मनात घोळवत आली आणि दारात पाय ठेवताच तोंडाचा पट्टा सुरू केला.

"मेली का तुझी आय, म्हून फोन करायची बंद झालीस?"

उज्वलाचे हात कणकेनं भरलेले. ती बघतच राहिली. "आये, दर रविवारी करतीया की. शारदाकाकी उचलती. म्हणती, फोन हितं चार्जिंगला लावलाय, तुझी आय शेरडामागं गेलीया."

"फोन माझ्या कमरंला, आन् उचलती शारदा?"

शारदा म्हणजे राजाबाईची धाकटी जाऊ, तिच्या दिराची, धनाजीची बायको. राजाबाईच्या खोपटात वीज नव्हती, म्हणून दोन दिवसांआड फोन चार्जिंगला धनाजीच्याच घरी जायचा. त्यामुळं काकीनं फोन उचलला याचं उज्वलाला कधी नवल वाटलं नव्हतं.

उज्वलानं हात धुतले, फोन घेतला आणि पडद्यावर बोट ठेवलं. वरच्या कोपऱ्यात एक बारका वाकडा बाण होता. "ह्यो कधीपासनं?"

"महिना झाला. भावजी म्हणले, बाण आला म्हंजी रेंज चांगली हाय." महिनाभर राजाबाई त्या बाणाकडं कौतुकानं बघत आली होती. पदरानं पुसायचीसुद्धा.

"रेंजचा न्हाई गं आये. तुला केलेला फोन दुसऱ्याच्या फोनवर वळवलाय कुणीतरी. माझ्या मॅडम हापिसला जाताना घरचा फोन असाच मोबाईलवर वळवत्यात. तुझा फोन वाजतच न्हाई, काकीचाच वाजतो."

राजाबाई उंबऱ्यावर बसली. पोरीवरचा राग क्षणात उतरला, पण खाली जायला त्याला जागा मिळेना. मग तिला दुसरंच आठवलं आणि तिच्या मस्तकात तिडीक गेली.

माळ दोघांच्या नावावर होता, तिच्या आणि धनाजीच्या. तिचा नवरा जोतिबा गेल्यापासून त्या माळावरच्या चाऱ्यावर आणि झऱ्यावर तिची तीस शेरडं आणि तिचं पोट चाललं होतं. धनाजीला तो विकायचा होता. बावधनचा कौस्तुभ नावाचा कंपनीतला साहेब फार्महाऊससाठी बघून गेला होता. तिनं तोंडावर सांगितलं होतं की माझा इचार न्हाई. माणूस सभ्य. म्हणाला, घाई नाही, तुमच्याशी फोनवर बोलल्याशिवाय मी पुढं जाणार नाही. तिचा नंबर घेतला, आपलं कार्ड दिलं. त्यानंतर एकदाही फोन आला नाही, म्हणून ती निर्धास्त होती. आणि धनाजीनं बजावलं होतं की गुरुवारी पौडला चला वहिनी, शेळ्यांच्या सरकारी योजनेसाठी अंगठा द्यायचाय.

"योजना," राजाबाई म्हणाली, आणि पुढं धनाजीच्या नावानं जे बोलली ते इथं लिहिण्यासारखं नाही.

कार्ड तिच्या बटव्यातच होतं. उज्वलानं पत्ता वाचला. संध्याकाळी साहेब घरी येईपर्यंत राजाबाई पाण्याचा घोटही न घेता बसून राहिली, मग मायलेकी त्याच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या.

कौस्तुभनं दार उघडलं आणि तो खुलला. "या ना मावशी. परवा पौडला खरेदीखताला भेटणारच होतो आपण. तुम्ही फोनवर हो म्हणालात, फार बरं वाटलं मला."

"मी म्हणले?"

"तीनदा बोललो की आपण."

राजाबाईनं कमरेचा फोन काढून काचेच्या टेबलावर ठेवला. "लावा माझा नंबर. आन् आवाज समद्यांना ऐकू येईल असं करा."

तो हसत हसत नंबर लावायला लागला. टेबलावरचा फोन मुकाच राहिला. आवाज आला तो त्याच्या हातातून.

"हां, बोला सायेब. राजाबाई बोलतीया. येती ना मी गुरुवारी. तेवढं तितं माझ्याशी लई बोलू नका, चारचौघांत मी बुजते."

कौस्तुभचा चेहरा उतरला. राजाबाई पुढं झाली आणि त्याच्या हाताशी वाकली.

"शारदे, तुझी दोन बाळंतपणं काढली मी. माझ्या ताटातलं तुला वाढलं. नाव तेवढं ऱ्हायलं हुतं, तेबी घेतलंस का?"

पलीकडं भांडं पडल्याचा आवाज झाला आणि फोन बंद झाला.

कौस्तुभनं पाणी मागवलं. माफी मागितली, मनापासून मागितली. मग घसा साफ करून म्हणाला, "पण मावशी, आता तुम्ही समोर आहातच, तर थेटच बोलू. मध्ये कुणी नको. तुमची काय अपेक्षा आहे?"

उज्वला आईचा पदर ओढत होती. राजाबाईनं तो सोडवून घेतला.

"माझ्या नावाचं व्हय तीनदा ऐकलं तुमी. पयल्याच दिशी मी तोंडावर न्हाई म्हणले हुते. न्हाई म्हणणारी बाई एकदम व्हय कशी म्हणाया लागली, हे कोळवणला येऊन एकदाबी इचारलं न्हाई. व्हय तुमाला पायजे हुतं, म्हून आवाज कुणाचा का असंना, चालला. आता समोर उभी हाय, तर ऐका. न्हाई."

त्यानं काही बोलायला तोंड उघडलं.

"ऐकू आलं नसंल तर परत सांगते," राजाबाई म्हणाली, आणि परत सांगितलं.