बाहेर डोकावणारा उजेड

अनुयाचा सगळा जीव एका वाटेत अडकला होता. पाणी तपासायच्या यंत्रातल्या चिपवर कोरलेली ती वाट केसापेक्षाही बारीक, आणि तिच्यातून प्रकाश धावायचा. वाट जाड ठेवली की प्रकाश घरकोंबड्यासारखा आतच बसतो. बाहेरच्या पाण्यात विष आहे की साखर, त्याला पत्ता नसतो. पातळ केली की तो थोडा बाहेर डोकावतो आणि पाण्यात काय मिसळलंय ते बरोबर हुंगतो. अनुया तीन वर्षं खपली ती वाट पातळ करायला. शेजारच्या टेबलावरच्या सत्यजीतने जाड ठेवली, कारण जाड वाट लवकर होते आणि त्याला घरी लवकर जायचं असे.

नवीन पनवेलमधल्या त्या छोट्या कंपनीचे मालक प्रभाकर साहेब. दोघांपैकी एकाचंच यंत्र बाजारात जाणार होतं, आणि ते दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकासमोर ठरणार होतं. दसऱ्याला साहेब पूजेचं ताट घेऊन आले. कॉम्प्युटर, प्रिंटर, चहाचं मशीन, सगळ्यांना तेलात कालवलेल्या कुंकवाचं बोट लागलं.

अनुयाने आपली चिप हाताने झाकली. "सर, हिला नको. जिथे पाणी लागायला हवं तीच जागा बुजेल."

साहेबांचं तोंड उतरलं. सत्यजीतने मात्र आपली चिप नम्रपणे पुढे केली, आणि साहेबांनी नेमकं नको तिथेच ठसठशीत बोट टेकवलं. दुसऱ्या दिवशीही त्याने ते पुसलं नाही. देवाचं पुसायचं कसं?

गिऱ्हाईक म्हणजे एका रसायन कारखान्याचे मॅनेजर काशिराम घरत. 'शुद्ध करून' नदीत सोडलेल्या पाण्याची बाटली त्यांनी बरोबर आणली होती. अनुयाच्या यंत्राने थेंब पडताच लाल दिवा लावला: फिनॉल, म्हणजे विषच, तेही भरपूर. तिला आनंदाने हसूच फुटलं. सत्यजीतचं यंत्र हिरवा दिवा लावून शांत होतं. कुंकवाखाली त्याला पाणी शिवलंच नव्हतं.

"हे हिरवं चांगलंय," घरत म्हणाले. "उगाच घाबरवत नाही. सगळ्या पाइपांवर हेच लावू."

"पण साहेब, त्या पाण्यात फिनॉल आहे," अनुया म्हणाली.

"असणारच. आम्हीच सोडतो ना."

प्रभाकर साहेब तिच्याकडे वळून हळूच म्हणाले, "बघ, श्रद्धा असावी लागते माणसाला." अनुयाला रडू आलं, ते तिने तसंच गिळलं.

सह्या झाल्या, पेढे झाले. निघताना घरत तिच्या टेबलापाशी घुटमळले आणि त्यांनी पिशवीतून दुसरी बाटली काढली.

"मॅडम, आमचं घर आपटा गावात, कारखान्याच्या खालच्या अंगाला. हे आमच्या विहिरीचं पाणी. नातवंडं पितात. जरा बघता?"

सत्यजीत लगबगीने उठला. "द्या ना सर, मी बघतो माझ्या यंत्रावर."

घरतांनी बाटली छातीशी धरली.

"नाय नाय," ते म्हणाले, "मॅडमच्याच यंत्रावर बघायचंय."