आडव्या घड्याळाची तेरा मिनिटं

मी एक जुनं चावीचं घड्याळ आहे; गजराचं, डोक्यावर दोन वाट्यांची घंटा असलेलं. मित्रांनो, माझी गोष्ट सांगण्याआधी मैत्री नावाच्या मुलीला त्या चोवीस दिवसांत काय मिळणार होतं ते मांडून ठेवतो. नाहीतर तुम्ही तिला उगाच वाईट म्हणाल. किंवा उगाच चांगली म्हणाल, आणि मला त्याचीच भीती जास्त आहे.

मिळणार होती सरकारी कॉलेजात एमसीएची जागा. म्हणजे तीन वर्षं कॉम्प्युटर, मग काचेच्या इमारतीत नोकरी, गळ्यात फोटोचं ओळखपत्र आणि न्यायला-आणायला कंपनीची बस. दोन हजार साल होतं. खडकीच्या फॅक्टरी क्वार्टर्समध्ये ज्याच्या-त्याच्या तोंडी कॉम्प्युटर होता, कोणाच्या घरी नव्हता तो भाग वेगळा. नाही मिळाली जागा, तर बी.एड. त्याचा फॉर्म तिच्या बाबांनी भरूनच ठेवला होता.

"एकदा बस परीक्षेला," सीताराम तिला म्हणाले होते. "लागला नंबर तर कॉम्प्युटर, नाही लागला तर शाळा. दुसऱ्यांदा मागायचं नाही."

"नाही मागणार," मैत्री म्हणाली.

डेक्कनला क्लास लावलेल्या मुली वर्षभर याच परीक्षेच्या मागे होत्या. मैत्रीची बीएस्सी संपली तेव्हा हातात उरले होते चोवीस दिवस. पेपर दोन तासांचा, प्रश्न शंभर. हुशारी तिच्याकडे होती, वेग नव्हता. म्हणून तिला घड्याळ लागलं, म्हणून मी या गोष्टीत आलो.

माझा जन्म कुठे झाला ते तबकडीवर लिहिलेलं होतं, पण आता ते पुसलं गेलं आहे. त्यामुळे मी वाटेल ते सांगू शकलो असतो. पण आज खोटं बोलायचं नाही असं ठरवलं आहे. मला आठवतो तो जुना बाजार. तुटक्या नळांच्या आणि वायर नसलेल्या इस्त्र्यांच्या ढिगात मी पालथा पडलो होतो. तिथून मला सीतारामांनी उचललं. ते फॅक्टरीत फिटर, आणि हौस घड्याळांची. संध्याकाळी पाच घरांतली पाच घड्याळं त्यांच्यापुढे उघडून पडलेली असत. मोबदला म्हणजे एक कप चहा आणि "सीतारामभाऊंच्या हातचं आहे" हे वाक्य. हे वाक्य त्यांना चहापेक्षा गोड लागे.

मला त्यांनी तेलपाणी केलं, स्प्रिंग बदलली, आठ दिवस फळीवर उभं करून तपासलं. मिनिटाचाही फरक नाही. "आता हे तुझं," म्हणून त्यांनी मला मैत्रीच्या टेबलावर ठेवलं. भंगारातून थेट अभ्यासाच्या टेबलावर! माझ्या मागच्या पायांपेक्षा माझी मानच जास्त ताठ झाली होती.

पहिले चार दिवस मी इमानाने चाललो. मैत्री बरोबर अकराला सरावाचा पेपर घेऊन बसे आणि माझ्यात एक वाजला की पेन खाली ठेवी. त्याच वेळी फॅक्टरीचा एकचा भोंगा होई. मी आणि भोंगा एका सुरात. तिचे प्रश्न व्हायचे सत्तर, फार तर एकाहत्तर. सीताराम कामावरून आले की विचारत, "आज किती?" आणि ती आकडा असा सांगे, जसा कोणी ताप सांगावा.

पाचव्या दिवशी माझा एक पाय निखळला. तिने मला टेबलावर आडवं ठेवलं, तोंड वर करून.

आता माझं गुपित ऐका. माझ्या पोटात एक लहानसं चाक सारखं मागेपुढे झुलतं. त्याच्या आसाची टोकं झिजलेली होती. उभा असलो की काही नाही. आडवा केला की ते चाक रेंगाळतं आणि मी मागे पडतो. सीतारामांनी मला आडवं कधी तपासलंच नव्हतं. घड्याळ काय झोपून काम करतं?

त्या दिवशी भोंगा झाला तेव्हा माझ्यात बारा अठ्ठेचाळीस झाले होते.

मैत्रीने मान वर केली. आधी खिडकीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ती माझ्याकडे फार वेळ बघत होती असं म्हणणार नाही. दोन-तीन टिकटिक, बस. मग तिने मान खाली घातली आणि माझ्यात एक वाजेपर्यंत लिहीत राहिली.

प्रश्न झाले एकोणऐंशी. तिने मला उभं केलं, काटा तेरा मिनिटं पुढे सरकवला आणि संध्याकाळी बाबांना आकडा सांगितला. सीताराम उठून उभेच राहिले. "एका दिवसात आठ वाढले? राधा, ऐकलंस का?"

त्याच संध्याकाळी त्यांनी माझा पाय बसवून दिला. "आता उभं ठेव."

"आडवंच बरं आहे, बाबा. सारखी मान वर करावी लागत नाही."

मित्रांनो, त्या क्षणी मी बंद पडू शकलो असतो. तेवढं तरी माझ्या हातात होतं. पण बंद पडलेल्या घड्याळाची जागा मला माहीत होती, आणि टेबल सोडवत नव्हतं. मी टिकटिक करत राहिलो.

पुढे अंगवळणी पडलं. अकराला टेबलावर आडवं, पेपर संपला की फळीवर उभं, काटा पुढे. प्रश्न चौऱ्याऐंशी झाले, अठ्ठ्याऐंशी झाले, ब्याण्णव झाले. त्यातले काही खरंच तिचे होते, हे कबूल केलं पाहिजे. पोरगी राबत होती. बाकीचे माझे. तिने स्वतःशी हिशेब करून टाकला होता की परीक्षेत वेग आपोआप येतो, सगळ्यांनाच येतो.

घरात एकच माणूस अडचणीचं होतं, तिची आई राधाबाई.

"मैत्री, भोंगा होऊन गेला की गं. ताट घेतलंय."

"झालंच, आई. दहा मिनिटं."

"पण तुझा पेपर एकला संपतो ना?"

"हल्ली भोंगाच लवकर होतोय."

"हो का?" राधाबाई दारात उभ्या राहिल्या. "वीस वर्षं त्या भोंग्यावर भात उतरवतेय मी. माझा भात कधी कच्चा राहिला नाही."

मैत्री हसली, पण कान लाल झाले. राधाबाईंनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि ताट झाकून ठेवलं. पुढे काही बोलल्या नाहीत. मुलीचा उत्साह मोडायला आई धजत नाही. आईच्या त्या गप्प राहण्याची सूटही कोणीतरी घेतच असतं.

रविवारी सोपं जाई. रविवारी भोंगा नसे. सीताराम घरी असत, पण त्यांना खरं-खोटं सांगणारं काही नसे. फक्त सकाळी सगळे मिळून वंदना म्हणत आणि पंचशील घेत, तेव्हा चौथ्या शीलाला मैत्रीचा आवाज बारीक होई. चौथं शील खोटं न बोलण्याचं. फळीवरून मला सगळं ऐकू यायचं. तिला वाटत होतं, आपण मुद्दाम काही खोटं बोललोच नाही. मलाही तसंच वाटत होतं.

सीतारामांनी तर आकडे फॅक्टरीभर नेले. वाशीमकडचे नागोराव त्यांच्या शेजारच्याच मशीनवर. ते एका संध्याकाळी मुद्दाम मला बघायला आले.

"हेच का ते घड्याळ? भाऊ, पोरगी तं मशीनच निघाली! चौऱ्याण्णव म्हणता?"

"चौऱ्याण्णव. दोन तासांत."

"मंग मिठाई आत्ताच मागून ठेवतो. नंतर तुम्ही साहेबाचे बाप व्हाल, ओळख द्याल न द्याल."

सीताराम इतके हसले की डोळे पुसावे लागले. माझ्या पाठीवरून त्यांनी हात फिरवला. "पोरीची मेहनत आहे. पण घड्याळ माझ्या हातचं." कौतुक फार झालं की मला आतून गंज चढल्यासारखं होई. तरी ते ऐकायला मी कान टवकारून असे, हेही लिहून ठेवा.

परीक्षा रविवारी झाली. मैत्री बाबांचं मनगटी घड्याळ घालून गेली. तीनला परत आली आणि चप्पल न काढता दारातच बसली.

"सतरा राहिले."

"चुकले?" सीतारामांनी विचारलं.

"चुकले नाहीत. राहिले. हातच लावला नाही. बेल झाली आणि पेपर ओढून घेतला."

घरी चौऱ्याण्णव, तिथे त्र्याऐंशी. सीतारामांच्या फिटरच्या डोक्यात ही तफावत बसेना. त्यांनी तिच्या हातातलं मनगटी घड्याळ घेतलं, मला फळीवरून उतरवलं. तिच्याकडे पाहिलं, काय आठवलं कोण जाणे, आणि मला टेबलावर आडवं ठेवलं. चार वाजले होते. खुर्ची ओढून ते माझ्यासमोर बसले. चहा गार झाला. मैत्री आतल्या खोलीच्या दारात उभी होती, आणि मी, मित्रांनो, आयुष्यात पहिल्यांदा जिवाच्या आकांताने भरभर चालायचा प्रयत्न करत होतो.

मनगटावर सहा वाजले तेव्हा माझ्यात पाच अठ्ठेचाळीस होते.

"आडवं तपासलंच नाही मी," सीताराम म्हणाले. आवाज त्यांचा वाटेना. "टोकं झिजलीत. तेव्हाच बघायला हवं होतं. बाळा, माझ्यामुळे तुझं गेलं गं."

राधाबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. नवऱ्याकडे न बघता मुलीकडे बघत म्हणाल्या, "भोंगा तर रोज होत होता."

खोलीत फक्त मी वाजत होतो. मैत्रीचे ओठ उघडले.

"अगं, पेपरात डोकं असताना भोंगा कोणाला ऐकू येतो?" सीताराम म्हणाले. "तिला काय बोलतेस? चूक माझी आहे."

मैत्रीचे ओठ मिटले.

मला घंटा होती. चावी दिल्याशिवाय ती वाजत नाही, हे कारण मी आजवर स्वतःला देत आलो आहे.

तिचा नंबर लागला नाही, थोडक्यात हुकला. बी.एड.चा फॉर्म सीतारामांनी स्वतः फाडला. "दुसऱ्यांदा मागायचं नाही म्हणालो होतो, पण पहिली वेळ तुझी झालीच कुठे? ती मी खाल्ली." मैत्रीने वर्षभर अभ्यास केला, उभ्या घड्याळासमोर केला, आणि जागा मिळवली. आज ती हिंजवडीला असते. मला तिने सोबत नेलं. तिच्या टेबलावर मी असतो, पाहुणे आले की "जुनं आहे, बाबांनी दिलंय" एवढंच सांगते आणि विषय बदलते. कधी एकटी असली की मला उचलते, फोनकडे बघते, आणि मला परत जागेवर ठेवते. बाबांना खरं सांगायला चार आकडे फिरवायचे असतात. बोटं कोडिंग करतात, तेवढं करत नाहीत.

मित्रांनो, सराव करताना घड्याळ उभं ठेवा. तेरा मिनिटं चोरून कोणी हुशार होत नाही. आणि तुमची चूक घरातलं कोणी आपल्या अंगावर घेऊ लागलं, तर त्याच वेळी तोंड उघडा. दुसऱ्या दिवशी ते तोंड जड होतं, वर्षाने तर उघडतच नाही. आम्हा घड्याळांना वर्षातून एकदा तेल लागतं. तुमच्या वडिलांना काय लागतं ते तुम्हीच बघा.

आता शेवटची बेरीज. मैत्रीला जागा मिळाली, वर एक जादा वर्ष मिळालं. मला टेबल मिळालं. राधाबाईंना खरं माहीत होतं, ते त्यांच्यापाशीच राहिलं. आणि सीतारामांनी त्या रविवारनंतर एकही घड्याळ उघडलं नाही. शेजारचे घेऊन येत, तर ते दारातूनच सांगत, "दुकानात द्या हो. माझा हात आता भरवशाचा नाही." भरलं त्यांनी, सगळं त्यांनीच भरलं, आणि कशाचं भरलं, ते त्यांना अजून ठाऊक नाही.