शिंप्याच्या घरातलं विरजण

मी एक जुनं विरजण आहे. ‘मी’ म्हणायचं ते आपलं सवयीनं. एका चमच्यात आम्ही इतके जिवाणू नांदतो की त्यापुढे अख्ख्या शहराची शिरगणती सोपी. मित्रांनो, दुधातली साखर खायची आणि आंबटपणा करायचा, हा आमचा पिढीजात धंदा. त्या आंबटपणानं दूध घट्ट होतं आणि तुम्ही त्याला दही म्हणता.

एका शिंप्याच्या घरी आम्ही एकतीस वर्षं आहोत. त्याची बायको रोज संध्याकाळी कोमट दुधात करंगळी बुडवून बघायची आणि मगच आम्हाला आत सोडायची. रोज नवं दूध, रोज नवी पिढी. हिचं दही सुरीनं कापावं लागतं, असं शेजारणी म्हणायच्या. त्यात थोडा हेवाही असायचा.

मग ती गेली. तिच्या हातची शेवटची वाटी शिंप्यानं फ्रिजमध्ये अगदी मागे ठेवली. कुणाला हात लावू देईना. सोळा दिवस आम्ही उपाशी. वर पाणी सुटलं. शेजारच्या पावावरची हिरवी बुरशी तर, ही जागा कधी रिकामी होतेय, अशा बेतानं आमच्याकडे बघू लागली.

शेवटी लेकीनं झाकण उचललं. “बाबा, असं ठेवलंत तर हे मरेल.”

“खाल्लं तर संपेल ना गं.”

“आई रोज संपवायची. म्हणून तर इतकी वर्षं टिकलं.”

शिंपी उठला. त्यानं स्वतः दूध तापवलं, करंगळी बुडवली, कोमट आहे म्हणाला आणि जवळजवळ सगळी वाटी ओतली. पण चाळीस वर्षं सुई धरून त्याची बोटं निबर झालेली. दूध चांगलंच कढत होतं. आत गेलेल्यांपैकी कुणी वाचलं नाही. सकाळी दूध दूधच होतं, आणि गिऱ्हाइकाचं कापड चुकीचं कापल्यासारखा तो पातेल्यासमोर बसून राहिला.

लेकीनं वाटी तिरकी करून दाखवली. तळाशी अर्धा चमचा आम्ही उरलो होतो.

“बोटानं नका बघू. मनगटावर थेंब टाका. मी तान्ही असताना माझ्या बाटलीतला टाकायचात, तसा.”

त्यानं थेंब टाकला. थांबला. पुन्हा टाकला. मग आम्हाला सोडलं. आम्ही अंग मोडून कामाला लागलो. दुपारी त्यानं पातेलं कलतं केलं, तर दही जागचं हललं नाही.

लेक म्हणाली, जरा आंबट आहे.

“सोळा दिवस कोंडलेलं. रुसणारच,” म्हणत त्यानं दुसरी वाटी वाढून घेतली.

लेक आता आपल्या घरी आहे. तो रोज फोन करून दही लागलं एवढंच सांगतो. जेवलात का, एवढंच ती विचारते.

मित्रांनो, आम्हाला जपायचं असेल तर कोंडू नका. रोज ताजं दूध द्या, आणि आम्हाला संपवायला कुणालातरी जेवायला बसवा.