गाजरात मिसळलेला मुळा

ताईचं मनगट मोडलं ते ऐन पेरणीच्या तोंडावर, आणि तेही स्वतःच्याच घराच्या पायरीवर. एकतीस वर्षं तिने गणवेशाच्या कारखान्यात मशीन चालवली, कधी बोटात सुई घुसली नाही. आणि निवृत्तीनंतर पायरीने दावा साधला. उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये. हाताचं तिला एवढं वाटलं नाही. घोर लागला तो वाफ्याचा.

मालगाड्यांच्या यार्डामागची पडीक जागा पालिकेने तुकडे पाडून लोकांना भाजी लावायला दिली होती. सातवा तुकडा ताईचा. सहा वर्षांपूर्वी तिने तिथून दोन पोती काचा वेचल्या होत्या, तेव्हा कुठे ती माती मातीसारखी दिसायला लागली. नियम एकच, पण कडक: पाहणीच्या दिवशी ज्याचा वाफा उजाड दिसेल, त्याचा वाफा यादीतल्या पुढच्या माणसाला. गाजराचा हंगाम सरत आला होता, पाहणीला तेरा दिवस उरले होते, आणि डॉक्टर म्हणत होते, हात उंच ठेवून गप्प बसा.

तेव्हा धाकटी धावून आली. ताईच्या पाठची ही एकच बहीण, दोन गल्ल्या सोडून राहणारी.

"मी पेरते की," ती म्हणाली. "तू बी दे आणि पड."

ताईने पाकीट दिलं आणि फाटकाची जादा किल्लीही. धाकटी रोज सकाळी जायची, येताना नळावर पाय धुवायची, चपलांचा चिखल दगडावर घासायची आणि सांगायची, "घातलं बाई तुझ्या गाजरांना पाणी." ताई रोज तिला चहा द्यायची, तोही डाव्या हाताने केलेला. बहीण असावी तर अशी, असं तिने शेजारणीलाही दोनदा ऐकवलं.

आठव्या दिवशी तिला राहवलं नाही. हात गळ्यात अडकवून ती धाकटीबरोबर निघाली. फाटकावरच्या फळ्यावर प्रतीक्षायादी लावली होती. पहिलं नाव भाचीचं, म्हणजे धाकटीच्या लेकीचं. ताईला आनंदच झाला. चला, पोरीचा नंबर लागेल आता, असं म्हणत ती आत शिरली.

वाफा सुरेख दिसत होता. माती भुसभुशीत, ओल चांगली, ओळींच्या टोकाला काड्या रोवलेल्या. हिरवं मात्र काहीच नाही.

"गाजराला वेळ लागतो ना," धाकटी घाईने म्हणाली. "दोन-दोन आठवडे. तूच सांगतेस."

ते खरंच होतं. पण गाजर उगवायला वेळ लावतं म्हणूनच ताई त्यात चिमूटभर मुळ्याचं बी मिसळायची. मुळा चार दिवसांत वर येतो आणि ओळ कुठून गेलीय ते दाखवतो. जुन्या भाजीवाल्यांची ही साधी युक्ती. धाकटीने जन्मात माती उकरली नव्हती, तिला ती कुठून ठाऊक असणार?

"पाकीट संपलं सगळं?" ताईने विचारलं.

"सगळं. एक दाणा ठेवला नाही."

"मग त्यातला मुळा कुठे गेला?"

"कसला मुळा?"

ताईने सांगितलं. सांगताना तिचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. हातच्या कांकणाला आरसा कशाला हवा? धाकटीने पर्सचा आतला कप्पा उघडला आणि पाकीट बाहेर काढलं. ताईने डिंकाने चिकटवलं होतं तसंच्या तसं.

"टाकून का नाही दिलंस?"

"बी टाकवलं नाही गं."

"आणि पेरवलंही नाही."

धाकटी काड्यांकडे बघत राहिली. "तुला आता झेपणार का हे? वय काय, हात काय! पोरगी पाच वर्षं थांबलीय. तिच्याकडे आला असता म्हणजे घरातल्या घरातच राहिला असता ना वाफा?"

"मग मला विचारायचं होतंस."

"तू नाही म्हणाली असतीस."

"हो. नाहीच म्हणाले असते."

मग ताईला आठवलं. "आणि चपलांचा तो चिखल?"

"पाणी घालत होते ना! रोज दोन झाऱ्या. ते खोटं नव्हतं, ताई."

ताईला रडू आलं ते याच वाक्याने. साफ खोटं बोलली असती तर ताईने चार शिव्या हासडून विषय संपवला असता. पण हिने रोज सकाळी उठून, झारी भरून, रिकाम्या मातीला पाणी पाजलं आणि वर येऊन आपला चहा प्यायली. केसाने गळा कापतात तो असा.

ताईने पाकीट दातांनी फाडलं. गुडघे टेकून डाव्या हाताने तिने पेरायला सुरुवात केली. ओळ अशी वाकडी गेली, की कारखान्यात असती तर मुकादमाने उसवायला लावली असती. धाकटी वाकून म्हणाली, "दे, मी टाकते." ताईने मान वर केली नाही.

पुढचे चार दिवस ती एकटीच गेली, एका हाताने झारी ओढत. धाकटी घरी आली, तेव्हा ताईने दार उघडलं नाही.

पाहणीच्या सकाळी वाकड्या ओळीत मुळ्याची जोडपानं उभी होती, मोजकी पण ठसठशीत. धाकटीही आली होती, फाटकापाशी अंग चोरून उभी.

पाहणीवाले वाकले, माती चिमटीत धरून पाहिली. "उशीर केलात बाई. पण ओल आतपर्यंत मुरलीय, म्हणून मुळा निघाला. नाहीतर गेला होता वाफा. आधी पाणी कोण घालत होतं?"

"ही," ताईने धाकटीकडे बोट केलं. "माझी बहीण."

"नशीबवान आहात," ते म्हणाले आणि वहीत खूण करून आठव्या वाफ्याकडे गेले.

धाकटीचे डोळे भरले. ताईने माफ केलं असं वाटून ती पुढे झाली. ताईने डावा हात पुढे केला.

"किल्ली."

धाकटीने जुडगा काढला. कडी घट्ट होती. नखाने उचकटता उचकटता नख मोडलं, पण ताई थांबून राहिली. अखेर फाटकाची किल्ली सुटली. धाकटीने ती ताईच्या तळव्यावर ठेवली आणि जुडगा पर्सकडे नेला.

ताईचा हात तसाच पुढे होता.

"माझ्या घराचीही त्यातच आहे," ती म्हणाली.