पावसाळ्यातले हप्ते

बँकेला दाखवायचं म्हणून योगराज कापगतेनं घराला रंग दिला. आणि रंग कुठला, तर पोपटी! आजवर तो जंगलाच्या चोरखमारा गेटवर दुसऱ्याची सफारीची जिप्सी चालवत आला होता. पर्यटकांना वाघ दाखवायचा यानं आणि भाडं घ्यायचं मालकानं. आता तो मालक जिप्सी चार लाखांत विकायला तयार होता, पण ऑक्टोबरात गेट उघडायच्या आत पैसे हवे होते, नाहीतर गिऱ्हाईक दुसरं होतंच. म्हणून घरावरचं जुनं कर्ज नव्या बँकेत हलवायचं आणि त्याच घरावर चार लाख वाढवून घ्यायचे, असा नवराबायकोचा बेत ठरला. घर देखणं तर कर्ज जास्त, हा योगराजचा ठाम समज. बँकेचा माणूस घर मोजायला आला तेव्हा यानं त्याला गच्ची दोनदा दाखवली.

तिरोड्याच्या बँकेत चेतना मॅडमनी ते पोपटी फोटो एका मिनिटात बाजूला सारले.

"घर छान आहे," त्या म्हणाल्या. "घरावरून कळतं जास्तीत जास्त किती देता येईल. पण तुम्हाला किती झेपेल, ते खात्यावरून कळतं."

आणि त्या त्याचं सहा वर्षांचं खातं वाचू लागल्या. "मे महिना जोरात. जुलै ते सप्टेंबर गेट बंद, कमाई शून्य. या मार्चमध्ये पंधरा दिवस काम नाही. आजारी होता?"

"टायफाइड झालता," योगराज कसाबसा म्हणाला. ही बाई कधी गावात आली नाही, हिला कोणी काही सांगितलं नाही! मातीतले ठसे पाहून वाघीण कुठून आली, कुठं गेली, हे तो पर्यटकांना सांगत असे. आज कोणी त्याचाच माग काढत होतं.

"वर्षभराच्या कमाईची सरासरी काढतो आम्ही," मॅडम म्हणाल्या. "निम्मी घरखर्चाला सोडायची, उरलेल्या निम्मीत सगळे हप्ते बसले पाहिजेत. तुमचे वाढीव एक लाख वीस हजार बसतात."

"बाप्पा! बस इतकेच?"

"पण एक समजत नाही. तीन महिने कमाई नाही, तरी सहा वर्षांत एकही हप्ता चुकला नाही."

"उन्हाळ्यातच बाजूले टाकून ठेवतो ना मी," योगराज छाती काढून म्हणाला.

"जूनच्या शेवटी खात्यात तेराशे रुपये आहेत. दरवर्षी असंच. आणि पावसाळ्यात दर चार तारखेला हप्त्याएवढे पैसे येतात. पुष्पांजली कापगते कोण?"

पुष्पांजली त्याची बायको. ती शेजारच्याच खुर्चीवर होती, सही करायला म्हणून आणलेली. योगराज तिच्याकडे वळला.

"काऊन वो, तू टाकत व्हतीस?"

"मंग कोन टाकन? सांगतलं असतं तं पावसाळाभर झुरले असते तुमी."

एवढं मोठं जंगल पाठ असलेल्या माणसाला स्वतःच्या घरातलं काही ठाऊक नव्हतं, आणि त्याची त्याला भयंकर लाज वाटली.

तिचंही खातं याच बँकेत होतं. मॅडमनी आता ते उघडलं. "जुलै-ऑगस्टात दीड लाख! मग तर साडेचार लाख बसतात की."

योगराज हरखला. जिप्सी आलीच दारात!

"नाही मॅडम," पुष्पांजली म्हणाली. "आमी बारा जनी मिळून धानाच्या रोवनीचा गुत्ता घेतो, म्हंजे अख्खं वावर ठेक्यानं. पैसा माह्या मोबाईलवर येते, मंग वाटनी होते. त्यातले चवदा हजार माहे. बाकीचे नोका धरू."

योगराजनं टेबलाखालून तिचा पाय दाबला. तिनं पाय काढून घेतला. मग मॅडमनी चौदा हजार धरले, कापणीची मजुरी धरली, तेंदूपत्त्याचे पैसे धरले, सगळं नीट दोनदा मोजलं.

"तीन लाख दहा हजार."

गेली जिप्सी. योगराजला आधी रागच आला, खोटं कशाला सांगू. पण वीस वर्षं सोबत राहिलेली ही बाई त्याला आज पहिल्यांदाच दिसत होती, आणि तो राग जागच्या जागी विरला.

"एक वाट आहे," मॅडम म्हणाल्या. "आमच्याकडे मुदत पहिल्या अर्जदाराच्या वयावर ठरते. तुम्ही बावन्नचे, म्हणून तेरा वर्षंच. या एकेचाळीसच्या. यांचं नाव पहिलं घेतलं तर वीस वर्षं मिळतील, हप्ता लहान होईल, चार लाख बसतील. व्याज मात्र एकूण जास्त जाईल, विचार करा."

"नोको मॅडम," पुष्पांजली घाईनं म्हणाली. "त्यायचंच ऱ्हाऊ द्या पयलं. गावात लोकं हासतील. जिप्सीचं पाहू पुढच्या साली."

"हासू दे हासतील तं," योगराज म्हणाला. "घर तिनं वाचवलं, मॅडम. तिचंच पयलं लिवा."

मॅडमनी नवा अर्ज पुढं ओढला. नाव लिहिलं, वय लिहिलं. "व्यवसाय काय लिहू?"

पुष्पांजलीनं सवयीनं नवऱ्याकडे पाहिलं.

"मले काऊन पायतेस?" योगराज डोळे पुसत म्हणाला. "मले तं आत्ता समजून राहिलं. तूच सांग."